व्हिडिओ संपादनातील बॅकअप

व्हिडिओ संपादनातील बॅकअप : कॅमेऱ्यातून आलेले मूळ फुटेज, स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला आवाज आणि संपादनाची प्रोजेक्ट फाइल यांच्या जादा प्रती वेगवेगळ्या जागी सांभाळण्याची पद्धत. लग्न, वारी, वृद्ध कलावंताची मुलाखत असे चित्रण पुन्हा करता येत नाही; तेथे हे काम संपादनाइतकेच मोलाचे ठरते.

बरेचसे नुकसान एका गैरसमजातून होते. प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रण नसतेच. कोणती क्लिप कोठून कोठपर्यंत घेतली, रंग कसा दिला, आवाज किती ठेवला, या नोंदी आणि मूळ फाइलचा पत्ता एवढेच तिच्यात असते. ती एकटीच पेनड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली, तर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी दिसते. उलट फुटेज शाबूत राहून प्रोजेक्ट गेला, तर कित्येक आठवड्यांची जुळवाजुळव जाते. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरे संपादन-सॉफ्टवेअर प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते, त्यामुळे फुटेजचा फोल्डर कॉपी केला तरी प्रोजेक्ट मागेच राहतो. तो मुद्दाम एक्स्पोर्ट करावा लागतो. बरेच अनुभवी संपादकही येथे फसतात.

प्रोजेक्ट फाइल लहान असते आणि रोज बदलते. म्हणून तिची तारीख घातलेली नवी प्रत दररोज, शक्यतो क्लाउडवर, ठेवावी; जुन्या प्रती पुसू नयेत, कारण बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर चढली की दोन्ही हातच्या जातात. ऑटोसेव्हवर विसंबणे धोक्याचे आहे. त्याचा फोल्डर बहुधा प्रोजेक्टच्याच डिस्कवर असतो.

फुटेज बदलत नाही, पण अवाढव्य असते. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचे फुटेज डिस्कवर उतरवताना फक्त व्हिडिओ फाइली वेचून न घेता सगळी फोल्डररचना जशीच्या तशी घ्यावी. एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यांतील मुद्रणपद्धतीत लांब शॉट अनेक फाइलींत तुटलेला असतो आणि तो जोडण्याची माहिती शेजारच्या फाइलींत असते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम ताडून पाहतात. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एक बिट जरी बदलला तरी ती वेगळी येते. ऑफशूट (पूर्वीचे हेज), शॉटपुट प्रो यांसारखी सॉफ्टवेअर आणि रिझॉल्व्हमधील क्लोन टूल हे काम करतात. दोन डिस्कवर ताडलेल्या प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम येथेही लागू पडतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. तिसरी अट टाळण्याकडे कल असतो, पण आग आणि पूर एका खोलीतल्या सगळ्या डिस्क एकदमच नेतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या कित्येक नायट्रेट (सहज पेटणाऱ्या जुन्या) फिल्म नष्ट झाल्या. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरण्याची रचना, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तरी रेड काम थांबू देत नाही, पण चुकून पुसलेली फाइल तिथल्या सगळ्या डिस्कवरून पुसली जाते.

१९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकन अॅनिमेशन स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप यंत्रणा आधीच नीट चालत नव्हती आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे काम सावरले.

प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती), रेंडर आणि कॅश (सॉफ्टवेअरने तात्पुरत्या बनवलेल्या) फाइली पुन्हा तयार होतात. त्यांवर जागा खर्च करू नये. फॉन्ट, लट (रंग बदलण्याची तयार कोष्टके), संगीत आणि ग्राफिक्स मात्र हमखास राहून जातात. प्रीमियरमधील प्रोजेक्ट मॅनेजर वापरलेले मीडिया एका जागी गोळा करतो, पण फॉन्ट हातानेच घ्यावे लागतात.

दीर्घकाळासाठी मोठ्या संस्था एलटीओ ही चुंबकीय टेप वापरतात; तिच्या पिढ्या क्रमांकाने ओळखल्या जातात. एलटीओ-९ टेपवर १८ टीबी मावते. मात्र एलटीओ-८ यंत्र एलटीओ-६ टेप वाचत नाही, म्हणून दर काही वर्षांनी साठा नव्या टेपवर उतरवावा लागतो. छोट्या स्टुडिओत कपाटातल्या हार्ड डिस्कवरच भिस्त असते. ती वर्षातून एकदा तरी चालवून, मूळ डिस्क काढून ठेवून, दुसऱ्या संगणकावर एखादा जुना प्रोजेक्ट पूर्ण उघडून पाहावा.