आजोबा गोव्याचे, मग पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो का? आधी हे वाचा

"आजोबा पेडण्याचे, आम्ही सावंतवाडीला, मग आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल काय?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदा नीट लिहूनच टाकतो. मिळू शकतो, पण अर्ज पासपोर्टचा नसतोच. आधी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आजोबांचा जन्म नोंदवायचा, मग बाबांचा, मग तुमचा. ती नोंद झाली की सिटिझन कार्ड (म्हणजे पोर्तुगीज ओळखपत्र) आणि पासपोर्ट अगदी शेवटी. पणजीचं पोर्तुगीज कॉन्सुलेट म्हणजे या साखळीतला एक टप्पा, तिथे गेलो आणि पासपोर्ट घेऊन आलो असं काही नसतं.

मुख्य अट म्हणजे आजोबा किंवा आजी गोवा, दमण किंवा दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेले हवेत. भारत-पोर्तुगालचे संबंध १९५५ मध्ये तुटले होते, डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला, पण तिथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा दावा त्यांच्या कायद्यात राहिला आणि तो मुलं-नातवंडांपर्यंत उतरतो. आई वेंगुर्ल्याची असली तरी चालतं, एका बाजूची साखळी पुरते.

कागद कुठले? आजोबांच्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, म्हणजे गोव्यात ज्याला तेओर म्हणतात ती, त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार ऑफिसातून काढायची. मग लग्नाची नोंद, बाबांचे आणि तुमचे जन्मदाखले, ओळखपत्रं, भाषांतर, जिथे लागेल तिथे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का), आणि लिस्बनमधल्या वकिलामार्फत करत असाल तर मुखत्यारपत्र. फीचे आकडे मी देत नाही, कॉन्सुलेटच्या साइटवर बघा, नियमही अधूनमधून बदलतात.

पण खरी डोकेदुखी नावांची. ओळखीतल्या एका घरी आजोबांची तेओर काढली तर परबांचं झालेलं पोरोबो, शाळेच्या दाखल्यावर परब, आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. कामतांचं कामोतिम होतं तसंच हे, त्या काळचा कारकून कानाला ऐकू येईल तसं पोर्तुगीजमध्ये लिहायचा. त्यात आजीचं लग्नानंतर नावच बदललेलं, म्हणजे जन्मनोंदीत सुशीला आणि पुढे सगळीकडे शालिनी, आता ही दोन्ही एकच बाई हे सिद्ध कोण करणार? नुसतं अॅफिडेव्हिट प्रत्येक वेळी चालेलच असं नाही. म्हणून एजंटला पैसे द्यायच्या आधी सगळे कागद एका टेबलावर पसरा आणि नाव, तारीख, आईवडिलांची नावं अक्षर न अक्षर जुळवून बघा. आणि एजंट "दाखला मी जमवतो" म्हणाला तर तिथूनच उठा, बनावट कागद सापडला तर फाइल तर जातेच, वर पोलीस केस.

आता भारताची बाजू, जी कुणी सांगत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं जातं. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेतलं का, यावर गोव्यात वाद आहे, निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांवरही यावरून केसेस झाल्यात. त्यामुळे नोंदीआधीच वकिलाला विचारा. नंतर भारतीय पासपोर्ट वापरत राहणं तर अजिबात नको, तो सरेंडर करायचा असतो. मध्यंतरी अनेकांचे पासपोर्ट सरेंडर न होता थेट रद्द झाले आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) अडकलं, २०२४ मध्ये केंद्राने रद्द झाल्याचं पत्रही चालेल असं सांगितल्यावर जरा वाट मोकळी झाली. (पोर्तुगालचे पंतप्रधान असताना आंतोनियो कोस्तांना २०१७ मध्ये मोदींनी ओसीआय कार्ड दिलेलं आठवत असेल, त्यांचं घराणं मडगावचं.)

अजून एक, लंडनच्या आशेने करत असाल तर थांबा. ब्रेक्झिटनंतर युरोपियन पासपोर्टवर इंग्लंडात थेट राहायला जायची सोय २०२० च्या अखेरीस संपली. बाकी युरोप उघडा आहे. आणि ओसीआयवर इथे मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पेडण्यातली काजूची बागायत वारशाने आली तर तेवढी आपली.