धरणीकंपाने घडवलेली फिलिपिन्सची चर्च

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर, इलोकोस नॉर्ते प्रांतातील पावाय गावात, संत ऑगस्टिनचे चर्च आहे. स्पॅनिश राजवटीत 1694 मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि 1710 मध्ये ते पूर्ण झाले. उंची बेताची, रुंदी ऐसपैस आणि दोन्ही लांब भिंतींना बाहेरून भिडलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रचंड आधारभिंती, असे त्याचे रूप आहे. युरोपातील आकाशाकडे झेपावणाऱ्या चर्चची चित्रे पाहून आलेल्याला ते बोजड वाटेल. मला मात्र हा बोजडपणाच त्या वास्तूतील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो.

जमीन हादरते तेव्हा इमारतीचा पाया जमिनीबरोबर सरकतो, पण वरचा भार जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतो, आणि या ओढाताणीतून भिंतींवर आडवे बल येते. भार जितका अधिक, तितके हे बल मोठे. दगड-विटांचे बांधकाम दाब उत्तम पेलते, ताण मात्र त्याला सोसत नाही. त्यातून चर्चचे सभागृह म्हणजे मधल्या आडव्या भिंतींचा आधार नसलेली लांबलचक पोकळी. तिची बाजूची भिंत हादऱ्याने बाहेर ढकलली गेली, की एका अंगाला ताण येऊन भेग पडते आणि भिंत कलंडते. पावायच्या 24 आधारभिंती, प्रत्येकी सुमारे 1.67 मीटर जाडीच्या, नेमके हेच कलंडणे अडवतात: लांब भिंतीचे त्या आखूड तुकडे पाडतात आणि तळाशी पाया रुंदावतात. मधल्या आधारभिंतींना जिने आहेत, ते बहुधा छपराच्या डागडुजीसाठी असावेत.

भिंतींचा खालचा भाग प्रवाळाच्या मोठ्या दगडांचा आहे, वरचा विटांचा. चुन्यात उसाचा रस मिसळला होता, असे तेथील परंपरा सांगते, आणि आपल्याकडील जुन्या बांधकामांतल्या गूळ घातलेल्या चुन्याची त्यावरून आठवण होते. साखरेच्या द्रावणात चुना साध्या पाण्यापेक्षा अधिक विरघळतो, हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे.

घंटाघर चर्चला जोडलेले नाही. ते काही अंतरावर स्वतंत्र उभे आहे. उंच मनोरा सावकाश झोके घेतो, तर बुटके, भरभक्कम सभागृह झपाझप थरथरते; दोन्ही एकमेकांना चिकटून असतील तर वेगवेगळ्या लयीत हलताना ती परस्परांवर आदळतात, आणि मनोरा पडला तर तो छपरावरच कोसळतो. मनिलाच्या सान आगुस्तिन चर्चला दर्शनी बाजूस दोन मनोरे होते. 1607 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू 1645 आणि 1863 च्या विनाशकारी भूकंपांतून वाचली, परंतु 1880 च्या भूकंपात तिचा एक मनोरा इतका निकामी झाला की तो पुढे उतरवावा लागला. आज तेथे एकच मनोरा दिसतो.

स्पॅनिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पेरूतील लिमा शहरात, याच प्रश्नाचे उलट उत्तर सापडले. तेथील कारागिरांनी भार वाढवण्याऐवजी घटवला आणि दगडी कमानींच्या जागी लाकडी सांगाड्यावर वेत-बांबू बांधून वर मातीचा गिलावा दिलेली छते केली. या पद्धतीला किंचा म्हणतात; कोकणातील कुडाच्या भिंती पाहिलेल्यांना ती परकी वाटणार नाही. हलके आणि लवचीक छत हादऱ्याबरोबर डोलते, तुटत नाही.

फिलिपिन्समध्ये जाड भिंतींमुळे खिडक्या लहान राहिल्या आणि दर्शनी बाजूला मोठे कोरे क्षेत्र उरले. मियागाव येथील, 1797 मध्ये पूर्ण झालेल्या चर्चमध्ये स्थानिक कोरक्यांनी त्याचे सोने केले. तेथे बाळ येशूला खांद्यावर घेतलेला संत क्रिस्टोफर नारळाच्या झाडाला धरून उभा आहे आणि भोवती पपई, पेरू कोरलेले आहेत. युरोपीय धर्मकथेला तेथील मातीतील झाडे इतक्या सहजपणे बिलगलेली पाहून मन भरून येते. त्या काळी फिलिपिन्समध्ये खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या अर्धपारदर्शक चकत्या बसवीत. जुन्या गोव्यातील घरे आणि चर्चही याच शिंपल्याने उजेड गाळून घेत असत.

पावाय, मियागाव, सान्ता मारिया आणि सान आगुस्तिन ही चार चर्च 1993 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. जाडीलाही मर्यादा आहे, हे मात्र 15 ऑक्टोबर 2013 रोजी बोहोल बेटावर दिसले. 7.2 महत्तेच्या त्या भूकंपात लोऑन आणि मारिबोहोक येथील चर्च ढिगारा होऊन पडली. बाहेरून एकसंध भासणाऱ्या अशा भिंती पुष्कळदा आत-बाहेर घडीव प्रवाळ-दगडांचे दोन थर आणि मध्ये चुन्यात कालवलेला भराव अशा असतात; हादऱ्याने थर भरावापासून सुटले, की दीड-दोन मीटरची जाडी एकजीव राहत नाही. त्या ढिगाऱ्यातील घडीव दगड निवडून ठेवून पुनर्बांधणीत पुन्हा वापरण्यात आले.