पीएसएमए पेट स्कॅन: प्रत्येक उजळ ठिपका कॅन्सरचा नसतो

प्रोस्टेटची तपासणी करून घेणारे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

प्रोस्टेट कॅन्सर कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी पीएसएमए पेट-सीटी (किरणोत्सारी औषध टोचून काढलेला पेट स्कॅन आणि सीटी एकत्र) ही आज फार चांगली तपासणी आहे. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची अचूकता ९२ टक्के निघाली. साधा सीटी आणि बोन स्कॅन मिळून ती ६५ टक्के होती. पण जी तपासणी बारीकसारीक गोष्टी टिपते, ती निरुपद्रवी गोष्टीही टिपते. कॅन्सर नसलेल्या जागी कॅन्सरसारखे काही दिसले तर त्याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. एका ठिपक्यामुळे ठरलेले ऑपरेशन रद्द होऊ शकते, नाहीतर गरज नसताना हार्मोनची इंजेक्शने सुरू होऊ शकतात. म्हणून हे पत्रक रिपोर्ट हातात येण्याआधीच वाचावे.

ठिपका उजळतो कशामुळे

पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवर असणारे एक प्रथिन आहे. कॅन्सरच्या पेशींवर ते सहसा कितीतरी पट जास्त असते. इंजेक्शनमधले किरणोत्सारी औषध त्याला जाऊन चिकटते आणि ती जागा स्कॅनमध्ये उजळते. मात्र हे प्रथिन शरीरात इतरत्रही असते. अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग प्रत्येकाच्याच स्कॅनमध्ये उजळतात. शिवाय जिथे जखम भरून येते किंवा सूज असते, तिथल्या नव्या रक्तवाहिन्यांवरही ते आढळते.

बरगडीतला एकटा ठिपका

सर्वांत जास्त घबराट यानेच होते. बरगडीला लागलेला मार विसरायला होतो: बाईक घसरलेली असते, एसटीत दांडीवर आपटलेले असते, महिनाभर खोकला झालेला असतो. अशी बारीक चीर भरून येताना पीएसएमएचे औषध घेते आणि उजळते. चीर नसतानाही बरगड्यांत आणि कंबरेच्या हाडांत फिकट ठिपके दिसतात. रिपोर्टमध्ये त्यांना 'अनस्पेसिफिक बोन अपटेक' किंवा 'यूबीयू' लिहिलेले असते. फ्लोरिन-१८ पीएसएमए-१००७ या औषधात ते गॅलियम-६८च्या औषधापेक्षा जास्त आढळतात. म्हणून तुम्हाला कोणते औषध दिले, हे रिपोर्टवर लिहिलेले आहे ना ते पाहून घ्या.

ठिपका फिकट आहे, एकटाच आहे, सीटीत त्या जागी हाड नेहमीसारखे दिसते आहे आणि पीएसएही (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा) कमी आहे, तर तो बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. उलट, ठिपके अनेक आहेत, पाठीच्या कण्यात किंवा कटिभागात आहेत, सीटीत त्या जागी हाड घट्ट पांढरे झाले आहे आणि पीएसए चढतो आहे, तर ते गंभीरपणेच घ्यावे लागते. रिपोर्टमध्ये ठिपका किती उजळ आहे हे सांगणारा एसयूव्ही नावाचा आकडा असतो. अमुक आकड्याच्या वर कॅन्सर आणि खाली नाही, अशी रेघ ओढता येत नाही. वेगळ्या मशीनवर किंवा वेगळे औषध वापरून काढलेले आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत.

मणक्यातला हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ), पॅजेटचा आजार (हाडाची रचना बिघडवणारा), संधिवाताने झिजलेला सांधा याही जागा उजळू शकतात. त्यांची ओळख सीटीवरून बहुधा पटते.

नसांचे गुच्छ, गाठी नव्हेत

पोटात महाधमनीच्या पुढे, मानेच्या तळाशी आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपुढे नसांचे छोटे गुच्छ असतात. त्यांना गँगलिया म्हणतात. ते पीएसएमए घेतात आणि नेमके तिथेच असतात, जिथे लिम्फ नोडच्या (लसिका ग्रंथींच्या) गाठी शोधायच्या असतात. फरक आकारात आहे. गँगलियन पातळ पट्टीसारखे किंवा थेंबासारखे लांबट असते, तर गाठ गोल किंवा अंडाकृती असते. म्हणून सीटीचे पातळ छेद तिन्ही दिशांनी पाहावे लागतात. एका चित्रावरून किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून हा निर्णय होत नाही.

छातीत दोन्ही बाजूंच्या गाठी उजळलेल्या आणि कटिभाग मात्र स्वच्छ, असे दिसले तरी थांबून विचार करावा. प्रोस्टेट कॅन्सर सहसा आधी कटिभागातल्या गाठींत जातो. आपल्याकडे टीबी कमी नाही, आणि टीबी व सार्कोइडोसिस (गाठींना सूज आणणारा, कॅन्सर नसलेला आजार) या दोन्हींत छातीतल्या गाठी पीएसएमए घेतात. पूर्वी टीबी झाला असेल, तो वीस वर्षांपूर्वीचा असला तरी, नोंदणीच्या वेळी सांगा.

लघवीमुळे होणारा घोटाळा

गॅलियमचे औषध लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रवाहिनी कटिभागातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून उतरते आणि तिथेच लिम्फ नोडही असतात. वाहिनीत अडलेला लघवीचा थेंब हुबेहूब गाठीसारखा चमकतो. शंका आली तर रुग्णाला लघवी करायला सांगून तेवढ्याच भागाचे चित्र थोड्या वेळाने पुन्हा घेतात. लागल्यास डॉक्टर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड देतात. लघवीचा ठिपका सरकतो किंवा फिका पडतो, गाठ जागची हलत नाही. पूर्वी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडले असेल, तर त्या पोकळीत साचलेली लघवीही प्रोस्टेटमधला कॅन्सर भासते. या ऑपरेशनची तारीख कळवणे म्हणूनच गरजेचे आहे.

आणखी एक साधी पण नेहमी घडणारी गोष्ट: लेंग्यावर किंवा मांडीवर सांडलेला लघवीचा थेंबही स्कॅनमध्ये उजळतो. स्कॅनआधी सावकाश बसून लघवी करा आणि हात धुवा. कपड्यावर थेंब पडला तर संकोच न करता सांगा, कपडे बदलायला मिळतात.

एमआरआयमध्ये काय होते

प्रोस्टेटच्या एमआरआयचे निष्कर्ष १ ते ५ अशा पायरॅड्स नावाच्या श्रेणीत देतात; ५ म्हणजे सर्वांत जास्त संशय. ३ म्हणजे संदिग्ध. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुष होते. महत्त्वाचा, म्हणजे उपचाराची गरज पडू शकेल असा कॅन्सर असलेल्यांपैकी ९३ टक्के एमआरआयने पकडले, पण एमआरआयमध्ये संशय आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच तसा कॅन्सर निघाला. त्यामुळे एमआरआयमध्ये काही दिसले तर पुढची पायरी बायोप्सीच्या निर्णयाची असते, थेट उपचाराची नव्हे.

फसवणारी कारणे ठरलेली आहेत: प्रोस्टेटची सूज, वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीतले गोळे आणि बायोप्सीनंतर साकळलेले रक्त. बायोप्सी झाली असेल तर एमआरआयपूर्वी किमान ६ आठवडे जाऊ द्यावेत. शक्य तर एमआरआय बायोप्सीच्या आधीच करावा. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी औषध घेतलेल्यांच्या प्रोस्टेटमध्ये होणारी सूज तर अगदी आक्रमक कॅन्सरसारखी दिसते. गुदाशयात गॅस असला की चित्र वेडेवाकडे येते, म्हणून स्कॅनआधी शौचाला जाऊन यावे.

येताना

पीएसएमए स्कॅनसाठी उपाशी राहायची गरज नसते. साखरेवर चालणाऱ्या एफडीजी पेटचा नियम इथे लागू नाही, त्यामुळे मधुमेहींनी जेवण आणि गोळ्या चुकवू नयेत. येण्याआधीच्या दोन तासांत साधारण अर्धा लिटर पाणी प्या; हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर आधी विचारा. गॅलियमच्या इंजेक्शननंतर सुमारे एक तास, तर पीएसएमए-१००७ नंतर दीड ते दोन तास थांबावे लागते. इंजेक्शनच्या जागी फुगले किंवा आग झाली तर लगेच सांगा; औषध बाहेर झिरपले तर त्याच बाजूच्या काखेतली गाठ उजळू शकते.

सोबत आणा: पीएसएचे सर्व जुने आकडे तारखांसह, बायोप्सीचा रिपोर्ट, हार्मोनचे इंजेक्शन सुरू असेल तर पहिल्या डोसची तारीख आणि जुन्या सीटी-एमआरआयच्या सीडी. फिल्म चालते, पण सीडी हवीच, कारण छेद मागेपुढे करून पाहता येतात. लघवीत जंतुसंसर्ग असताना काढलेला पीएसए विश्वासाचा नसतो; बरे झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तो पुन्हा काढतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या) सहा महिन्यांहून जास्त काळ चालू असेल तर पीएसए सुमारे निम्मा दिसतो.

रिपोर्टमध्ये शंका लिहिली असेल तर

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या जागी सीटीत काही दिसते का? हा ठिपका खरा धरला तर माझा उपचार बदलतो का? आणि बदलत असेल तर त्याआधी खात्री कशी करायची? बदलत नसेल तर बहुधा ३ ते ६ महिन्यांनी पीएसए आणि स्कॅनची तुलना पुरते. बदलत असेल तर त्या जागेचा एमआरआय, आणि सुई पोहोचत असेल तर बायोप्सी करतात. दरम्यान चालू औषधे स्वतःहून बंद करू नका, आणि खात्री होण्याआधी नवी सुरू करण्याची घाईही करू नका.

जुनी सीडी रिपोर्ट मिळाल्यानंतर सापडली तरी आणून द्या. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तीच जागा तशीच असेल तर संशय बराच कमी होतो. तुलना करून पुरवणी रिपोर्ट देता येतो. त्यासाठी पुन्हा इंजेक्शन किंवा स्कॅन लागत नाही.