बगॅस

उसाचा रस काढल्यावर उरणारा तंतुमय चोथा. गुऱ्हाळावर यालाच चिपाड म्हणतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी असते. बाकी मुख्यत्वे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन, शिवाय सुटायची राहिलेली थोडी साखर.

इतिहास : बगॅस इंधन म्हणून जाळण्याच्या प्रथेच्या आरंभाविषयी एकमत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्बाडोस बेटावर जंगलतोडीमुळे सरपण दुर्मीळ झाले, त्याच्याशी तिचा संबंध सामान्यतः जोडतात. एकाच भट्टीवर ओळीने अनेक काहिली तापवण्याची ‘जमैकी’ मांडणी चिपाडाच्या जाळाला सोयीची होती. ती मूळ फ्रेंच वसाहतींतली, असेही एक मत आहे. केवळ नावावरून जमैकाला श्रेय देणे धाडसाचे ठरेल. आपल्याकडील चुलवाणात वाळली चिपाडे सारण्याची रीत यापासून स्वतंत्र असावी.

वाफेची काटकसर : बगॅस शिल्लक पडू लागले ते मात्र वाफ वाचल्यामुळे. अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा अभियंता नॉर्बर्ट रिलियू याच्या रस आटवण्याच्या पद्धतीत (पेटंट १८४३) एका पात्रातील रसाची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या पात्रातील रस उकळते. तरी पेच राहतोच. ओळीने लावलेल्या पिळण्याच्या रुळसंचांपैकी शेवटच्या संचाआधी (मिलआधी) चोथ्यावर पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन काढतात (इंबिबिशन). पाणी वाढवले की साखर अधिक सुटते, पण ते आटवायला पुन्हा बगॅसच जाळावे लागते. ओलीचाही फरक मोठा : ५० टक्के ओल असलेल्या बगॅसचे उष्मांक मूल्य किलोमागे ढोबळमानाने २,२०० किलोकॅलरी, तर पूर्ण कोरड्याचे त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. पूर्वी दर चौ. सेंमी.ला सुमारे २१ किग्रॅ. दाबाचे बॉयलर कारखान्यापुरतीच वीज देत, ६७ किग्रॅ. वा त्याहून अधिक दाबाच्या बॉयलरमुळे महाराष्ट्रातील अनेक सहकारी कारखान्यांना वीज विकता येऊ लागली.

अन्य उपयोग : कागदासाठी आधी भेंड (उसाच्या आतला मऊ गाभा) वेगळे करावे लागते. १९७९ साली स्थापन झालेली ‘तमिळनाडू न्यूजप्रिंट’ ही सरकारी कंपनी बगॅसपासून वृत्तपत्री कागद करू लागली. साठवणीत ढीग आंबून आतून तापतो व कधी पेटही घेतो. बुरशी आलेल्या चोथ्याची धूळ श्वासावाटे गेल्यास बगॅसोसिस हा फुप्फुसांचा विकार होतो. त्यामुळे कागद गिरण्यांत ढीग ओला ठेवतात. अलीकडे लगद्याची ताटे-वाट्याही निघतात.