ताटात साचलेला ऑक्सिजन

रविवारी सकाळी तळजाईवर ओळखीचे एक काका नाक दाबून उभे दिसले. मी थांबलो तसा श्वास सोडत म्हणाले, "मेंदूचा ऑक्सिजन तोडला की पार्किन्सन होत नाही. बातमी वाचली नाहीस?" हेच काका मागच्या वर्षी मेंदूला ऑक्सिजन मिळावा म्हणून रात्री जेवल्यावर पिंपळाखाली बसत. (पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडत नाही. प्रकाशाशिवाय कुठलंच झाड तो बनवत नाही.)

बातमी मात्र खरी आहे. २०२५ साली अमेरिकेतले संशोधक वम्सी मूथा आणि फुमितो इचिनोसे यांच्या गटांनी उंदरांच्या मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे तंतू टोचून पार्किन्सनसारखा आजार घडवला. नेहमीच्या, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनच्या हवेत राहिलेल्या उंदरांच्या चेतापेशी मरत गेल्या. ११ टक्क्यांत ठेवलेल्यांच्या वाचल्या. विशेष म्हणजे प्रथिनाच्या गुठळ्या दोन्हीकडे होत्या! तंतू टोचल्यावर सहा आठवड्यांनी हवा बदलली, तरी हालचाली सुधारल्या.

हे कसं होतं? पहिला संशय अर्थातच 'हिफ'वर, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशीला जुळवून घ्यायला लावणाऱ्या प्रथिनावर. ते पेशी सतत बनवते आणि काही मिनिटांत मोडून टाकते. मोडायचं कोणाला, ही खूण करायला ऑक्सिजनच लागतो: एक विकर हिफमधल्या प्रोलिनवर ऑक्सिजनचा अणू चिकटवतं, ती खूण व्हीएचएल नावाचं प्रथिन ओळखतं आणि हिफची रवानगी मोडीत होते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ टिकतं आणि तांबड्या पेशी, नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकं चालू करतं. याच शोधाला २०१९चं नोबेल मिळालं.

इतकी देखणी यंत्रणा, आणि नेमकी इथे ती पुरेशी ठरत नाही. मूथांच्या गटाने आधी ली सिंड्रोम या आनुवंशिक मेंदूविकाराच्या उंदरांवर काम केलं होतं. या उंदरांच्या मायटोकाँड्रियातला, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या पेशीतल्या भागांतला, कॉम्प्लेक्स-१ हा प्रथिनांचा संच बिघडलेला असतो. त्यांच्यात नुसतं हिफ चालू करून फायदा झाला नाही, पण रक्तक्षय घडवून झाला! उलट ५५ टक्के ऑक्सिजनमध्ये ते काही दिवसांतच मेले.

आता पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी म्हणजे रक्त, जेवणारे म्हणजे मायटोकाँड्रिया. जेवणारे आजारी, पण वाढपी आग्रहाने वाढतच राहतो. अन्न ताटात साचतं, आंबतं. मेंदू वजनाने शरीराचा दोन टक्के, पण ऑक्सिजन वीस टक्के खाणारा, त्यामुळे तिथे वाढपही जोरात. न वापरलेला ऑक्सिजन साचून पेशींना जाळतो. हवा विरळ केली की वाढप आजाऱ्यांच्या भुकेइतकंच होतं. पार्किन्सनमध्येही कॉम्प्लेक्स-१ अधू होतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळयुक्त नशेमुळे काही तरुण अक्षरशः थिजले होते. त्या भेसळीतल्या एमपीटीपीपासून शरीरात तयार होणारं विषही याच कॉम्प्लेक्सवर घाव घालतं.

म्हणून उद्या सिंहगडावर धावू नका. ११ टक्के ऑक्सिजन म्हणजे साधारण पाच हजार मीटरवरची हवा, जवळजवळ एव्हरेस्ट बेस कॅम्प. सिंहगड १३१२ मीटर, तिथला हवेचा दाब पुण्यापेक्षा जेमतेम नऊ टक्के कमी. पिठलं-भाकरीला जा. ली सिंड्रोमच्या उंदरांना १७ टक्केही पुरले नाहीत आणि दिवसातून काही तासच विरळ हवा देऊनही उपयोग झाला नाही. बेस कॅम्पच्या उंचीवर सवय नसलेल्या माणसाच्या मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. आणि रात्री घोरताना श्वास अडकून ऑक्सिजन वारंवार घसरतो, त्याने स्मरणशक्तीला धक्काच बसतो. त्यामुळे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घट्ट धरून ठेवावा आणि मेंदूला थोडा कमी सोडावा, असं औषध ली सिंड्रोमच्या उंदरांवर तपासून झालंय. माणसांपर्यंत पोचायला वेळ आहे.

पुढच्या रविवारी मी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर खिशात टाकून नेला. काकांनी चाळीस सेकंद श्वास रोखला, तोंड लालबुंद झालं. आकडा ९७च्या खाली उतरेना. त्यांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाले, "सेल बदल याचे."