इंग्रजीतील शब्दांच्या जाती ओळखणे

वाक्यात शब्द कोणते काम करतो हे पाहून त्याला नाम, क्रियापद, क्रियाविशेषण अशा गटात बसवणे, याला शब्दाची जात ओळखणे म्हणतात. शालेय इंग्रजी व्याकरण आठ जाती मानते: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय आणि केवलप्रयोगी अव्यय. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना काही व्याकरणकार विशेषणांत धरतात, तर काही त्यांची स्वतंत्र जात मानतात.

आठचा आकडा जुना आहे. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या. लॅटिनमध्ये उपपद नसल्याने ते गळाले आणि केवलप्रयोगी अव्ययाची भर पडली. विल्यम बुलोकारने १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेही लॅटिनच्या साच्यावर. लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटावरून जात बहुधा कळते. इंग्रजीतले बहुतेक प्रत्यय काळाच्या ओघात झिजून गेले, त्यामुळे तिथे शब्दाची जागा पाहावी लागते.

‘राउंड’ हा शब्द घ्या. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण, तर ‘दे सॅट राउंड द फायर’मध्ये शब्दयोगी अव्यय. सुटा शब्द देऊन त्याची जात विचारणे म्हणूनच चुकीचे आहे. आधी वाक्य हवे.

‘क्रिया दाखवतो तो क्रियापद’ ही व्याख्या पाठ करून घेतली जाते, पण ती फार लंगडी आहे. ‘डिस्ट्रक्शन’ क्रिया दाखवते तरी ते नाम आहे. ‘बिलाँग’मध्ये कोणी काहीच करत नाही, तरी ते क्रियापद आहे. काळ बदलून पाहणे ही त्याहून भरवशाची कसोटी. ‘दे वॉक टू स्कूल’च्या पुढे ‘यस्टर्डे’ जोडले की ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ होते, म्हणून ते क्रियापद. ‘अ लाँग वॉक’मधला ‘वॉक’ असा बदलत नाही. बोलताना आघातही मदत करतो: ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

खरी गडबड ‘इंग’ लागलेल्या रूपांत होते. ‘शी इज स्विमिंग’मध्ये ते क्रियापदाचा भाग आहे, ‘स्विमिंग इज फन’मध्ये तेच कर्त्याच्या जागी बसून नामाचे काम करते.

क्रियाविशेषण ओळखताना ‘ली’ या शेवटावर विसंबू नये. ‘फ्रेंडली’ आणि ‘लोन्ली’ विशेषणे आहेत, उलट ‘ही रन्स फास्ट’मधले ‘फास्ट’ ‘ली’विना क्रियाविशेषण आहे. ‘हार्ड’ला ‘ली’ लावल्यावर तर अर्थच फिरतो: ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. क्रियाविशेषण क्रियापदाबरोबरच विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणालाही लागते, जसे ‘व्हेरी टॉल’मधले ‘व्हेरी’.

‘लुक’, ‘फील’, ‘साउंड’ यांच्यानंतर नेमके काय येते हे ठरवायला एक सोपा उपाय आहे. ‘शी लुक्ड अँग्री’मध्ये ‘लुक्ड’च्या जागी ‘वॉज’ घातले तरी वाक्य टिकते, कारण ‘अँग्री’ हे कर्त्याचे विशेषण आहे. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट मी’मध्ये ते टिकत नाही, तिथे रागाने पाहणे ही क्रिया आहे आणि ‘अँग्रिली’ तिची रीत सांगते.

शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्ययांतला फरक पुढे काय येते त्यावर ठरतो. ‘बिफोर लंच’मध्ये नुसते नाम आहे, म्हणून शब्दयोगी; ‘बिफोर शी लेफ्ट’मध्ये पूर्ण उपवाक्य आहे, म्हणून उभयान्वयी.

संगणकाला हे काम शिकवताना आठ जाती अपुऱ्या पडल्या. पेन ट्रीबँक या प्रत्येक शब्दाला जातीची खूण केलेल्या इंग्रजी मजकूरसंग्रहात विरामचिन्हे वगळून ३६ खुणा आहेत आणि मुख्य क्रियापदाच्या रूपांनाच सहा मिळतात. ‘बिफोर’च्या वरच्या दोन्ही उपयोगांना मात्र तिथे एकच खूण लागते.