देवगिरीचे ताल पॅरिसच्या वर्गात : ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या लयविचाराची पार्श्वभूमी

द्रुत, द्रुतविराम, द्रुत, प्लुत. ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाच्या तालाध्यायात रागवर्धन या देशी तालाची अंगे अशी दिली आहेत. लघूची एक मात्रा धरली तर द्रुत अर्ध्या मात्रेचा. त्याला विराम लागला की निम्मी भर पडून तो पाऊण मात्रेचा होतो. गुरू दोन मात्रांचा, प्लुत तीन मात्रांचा. मात्रेचे चार बारीक भाग केले की रागवर्धनाचे आकडे मिळतात : २, ३, २, १२. हे चार आकडे विसाव्या शतकातल्या युरोपीय संगीतात शिरले ते ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकारामुळे. आणि त्यांच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे लयीचा जो हिशेब मांडला, त्याच्या मुळाशी जाताना या चार आकड्यांना वळसा घालता येत नाही.

‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकातला. कर्ता शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी, श्रीकरणाधिप म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. ग्रंथाचे अध्याय सात. ताल पाचव्यात, आणि तिथे १२० देशी ताल अंगांसह नोंदवले आहेत. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये हा ग्रंथ कल्लिनाथाच्या भाष्यासह छापला. पुढे फ्रान्समध्ये लाव्हिन्याक यांच्या संगीतकोशात जोआनी ग्रोसे यांनी भारतीय संगीतावर दीर्घ लेख लिहिला आणि त्यात या १२० तालांचा तक्ता पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवून दिला. मेसियाँ यांच्या हाती पडला तो हा तक्ता. भारतातला कोणी गुरू नाही, प्रत्यक्ष वादन नाही. नुसता छापील तक्ता. ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबात महत्त्वाची ठरते.

मेसियाँ यांचा जन्म आव्हिन्योंचा. वडील इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपिअरचे अनुवादक, आई सेसिल सोव्हाज कवयित्री. अकराव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्सर्व्हातवार या संगीत-महाविद्यालयात प्रवेश; तिथे पॉल द्युकास यांच्याकडे रचना, मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गन. मोरिस एमान्युएल यांच्यामुळे ग्रीक वृत्तांची गोडी लागली. लघु-गुरूंच्या मोजणीला कान आधीच सरावलेला होता, म्हणून शार्ङ्गदेवाचा तक्ता त्यांना परका वाटला नसावा. १९३१ पासून मृत्यूपर्यंत ते पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते.

रागवर्धनाचे त्यांनी काय केले, ते १९४४ साली स्वतःच्या संगीतभाषेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी उलगडून दाखवले आहे. आधी ताल उलटा केला : १२, २, ३, २. मग १२ चे तीन सारखे तुकडे पाडले : ४, ४, ४, २, ३, २. आता दोन गट दिसतात. पहिल्याची निमपट २, २, २ व्हायला हवी. पण दुसऱ्या गटात मधल्या आघाताला एक बारीक भाग जास्तीचा चिकटला आहे. विरामाचा तो तुकडा म्हणजेच मेसियाँ यांचे ‘वाढीव मूल्य’ : सरळ चाललेल्या लयीत एक कण घालायचा आणि तिची समसमान चाल मोडायची. दुसरी गोष्ट, २-३-२ हा गट ‘विकटकवी’सारखा दोन्हीकडून सारखाच वाचता येतो. उलटवून नवे काही हाती लागत नाही, अशा लयींची त्यांनी पुढे रासच मांडली.

स्वरांच्या बाजूला याचाच जोडभाऊ आहे. पेटीवर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि एवढ्याच पट्ट्या घ्या आणि हीच रचना तीन पट्ट्या पुढे सरकवून पाहा : पुन्हा त्याच पट्ट्या येतात. म्हणजे ही स्वरावली फक्त तीनच जागांवरून वेगळी वाजते. अशा सात स्वरावल्या त्यांनी नोंदवल्या. ही दुसरी.

१९४० मध्ये ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. तिथे १५ जानेवारी १९४१ रोजी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोची त्यांची प्रसिद्ध चौकडी (चार वाद्यांसाठीची रचना) प्रथम वाजली. तिच्या पहिल्या भागात पियानोला तीन देशी ताल सलग जोडून दिले आहेत : रागवर्धन (वरचाच उलटा, तुकडे पाडलेला : ४, ४, ४, २, ३, २), चंद्रकला (२, २, २, ३, ३, ३, १) आणि लक्ष्मीश (२, ३, ४, ८). एकूण आघात १७, बारीक भाग ५२, म्हणजे १३ मात्रा. या लयीवर २९ स्वरसंघांची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची) माळ फिरते. १७ आणि २९ यांचा मेळ ४९३ आघातांनीच बसणार. त्याच्या कितीतरी आधी, तीनेक मिनिटांतच, हा भाग संपतो.

वाजवताना घोटाळा नेमका कुठे होतो? लिखाण तीन मात्रांच्या खंडांत आहे आणि लय तेरांची, त्यामुळे प्रत्येक फेरीची सुरुवात खंडात एक मात्रा पुढे सरकते. खंडाची पहिली मात्रा सवयीने ठोकली की सगळी वीण उसवते. इथे मात्रा मोजून भागत नाही, मात्रेचे चौथे भाग मोजावे लागतात. चंद्रकलेतला शेवटचा १ तर ताणला जाण्याची भीती फार : तीन वेळा ३ वाजवून हात सैलावलेला असतो.

आपल्या अर्थाने हे ताल राहिले का? नाही. सम नाही, खाली नाही, ठेका नाही. शार्ङ्गदेवाच्या काळची हाताने ताल धरण्याची क्रियाही गेली. उरली ती फक्त आघातांची लांबी. तरी याबद्दल फार खंत करण्यात अर्थ नाही, कारण हे देशी ताल आपल्याही मैफलींतून केव्हाच गेले होते.

मेसियाँ यांच्या ‘तुरंगलीला’ सिंफनीचे नावच दोन संस्कृत शब्दांचे. दहा भागांची ही रचना २ डिसेंबर १९४९ रोजी बोस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. तीत ‘लयपात्रे’ आहेत : एक लय दर फेरीला वाढते, दुसरी आक्रसते, तिसरी तशीच राहते. रंगमंचावर एक पात्र हालचाल करते, दुसरे तिच्यामुळे हलते, तिसरे नुसते उभे असते, तसे. ही कल्पना त्यांना स्त्राविन्स्कीच्या ‘वसंतोत्सवा’च्या विश्लेषणातून सुचली आणि ते विश्लेषण ते वर्गातही करत.

कॉन्सर्व्हातवारमध्ये १९४१ पासून त्यांच्याकडे हार्मनीचा वर्ग होता, १९४७ पासून विश्लेषणाचा. रचनेचे प्राध्यापकपद मिळायला १९६६ उजाडले. १९७८ ला निवृत्ती. पण रचनाकार त्याआधीपासूनच त्यांच्या वर्गांत घडत होते. बुलेझ, श्टॉकहाउझेन आणि क्सेनाकिस, नंतरच्या पिढीतले ग्रिझे, म्युराय, जॉर्ज बेंजामिन, हे सगळे त्यांचे विद्यार्थी. क्सेनाकिस इंजिनिअर होते, वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे नोकरीला. हार्मनी-काउंटरपॉइंट पहिल्यापासून शिकावे का, असे त्यांनी विचारले तेव्हा मेसियाँ यांनी नको म्हटले. गणित आणि स्थापत्य येते ना, तेच संगीतात आणा, असा सल्ला दिला.

१९४९ च्या एका पियानो-रचनेत मेसियाँ यांनी ३६ स्वर, २४ लांब्या, १२ प्रकारचे आघात (म्हणजे पट्टी दाबण्याच्या तऱ्हा) आणि ७ पातळ्यांचा जोर ठरवून प्रत्येक स्वराला त्याची लांबी, आघात आणि जोर कायमचा बांधून दिला. बुलेझ यांनी त्यातलीच स्वरमालिका उचलून दोन पियानोंसाठी पूर्ण मालिकाबद्ध, म्हणजे स्वर, लांबी, जोर सगळेच ठरलेल्या क्रमाने चालणारी, रचना केली.

लय, रंग आणि पक्षिशास्त्र यांवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९९४ ते २००२ या काळात प्रसिद्ध झाला. पत्नी आणि पियानोवादक इव्हॉन लोरिओ यांनी तो पूर्णत्वाला नेला. पहिल्याच खंडात, ग्रीक वृत्तांच्या शेजारी, शार्ङ्गदेवाचे देशी ताल तपशिलाने घेतले आहेत.